हुकूमनाम्यानंतर

मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी 1863 साली शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि पुढे दत्तकविधानाने बडोद्याच्या गादीवर बसलेल्या सयाजीराव गायकवाडांचे नाव नाशिक जिल्ह्यात निघते ते बहुधा ग्रंथालये आणि सक्तीचे शिक्षण यांच्या निमित्ताने. परंतु 1931 साली त्यांनी आपल्या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई इलाख्यात तसा कायदा होण्यास 1947 साल उजाडावे लागले आणि सबंध देशाला तो 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला, ही हकीकत त्यांच्या जन्मजिल्ह्यातही क्वचितच सांगितली जाते. कायद्याने दार मोकळे केले. दाराबाहेर पडलेल्या माणसाने रात्री निजावे कोठे, मुलांना कोणाच्या भरवशावर ठेवून कामावर जावे, याचा खुलासा मात्र कोणत्याही कलमात नसतो, आणि तो करण्याची जबाबदारी आप्तस्वकीयांवर व शेजारपाजाऱ्यांवर येऊन पडते.

काडीमोड आणि पाट या रूढी ज्या जातींत पूर्वापार होत्या, तेथे हा खुलासा बरावाईट का होईना, झालेला असे. पेशवाईत पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टीच वसूल होई. म्हणजे स्त्रीचा दुसरा संसार ही सरकारी दप्तराने गृहीत धरलेली बाब होती. पंचांचा निवाडा पुष्कळदा पुरुषाच्या बाजूने झुके आणि दंडाच्या रकमा उकळल्या जात, हे खरे असल्याने त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही मोडलेल्या लग्नानंतर बाईने पुन्हा उभे राहावे, यात तेथे कोणाला अधर्म दिसत नसे. 1955 च्या कायद्यानेही रूढीने मान्य केलेला घटस्फोट अबाधित ठेवला. अडचण झाली ती ज्यांच्यात ही वाटच नव्हती अशा पांढरपेशा समाजाची, आणि त्यांचे पाहून प्रतिष्ठेच्या नव्या कल्पना उचलणाऱ्या इतरांचीही.

या अडचणीतून एक स्त्री कशी बाहेर पडली, याचा सर्वांत ठळक दाखला रखमाबाईंचा आहे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलेल्या या मुलीने पुढे नांदावयास जाण्याचे नाकारले. 1884 साली दादाजींनी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, परंतु अपिलानंतर 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला, आणि अखेर 1888 साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. या काळात रखमाबाईंच्या निर्धाराचे जितके कौतुक झाले, तितकेच आजूबाजूच्या माणसांनी केलेल्या खटपटीचेही व्हावयास हवे. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी तिला घर आणि विद्या दिली. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी न्यायालयात तिची बाजू मांडली. समाजसुधारक मलबारींसारख्यांनी तिच्यासाठी लेखणी चालवली. कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची यांनी विलायतेतील वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग दाखवला आणि त्यासाठी निधीही उभा राहिला. 1894 साली डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली, आणि 1955 साली, म्हणजे ज्या वर्षी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा देशव्यापी हक्क मिळाला त्याच वर्षी, त्या निवर्तल्या. त्यांच्या मदतगारांनी उसासे किती टाकले ते ठाऊक नाही. घर, वकील, शिक्षण आणि पैसा एवढी तजवीज मात्र त्यांनी चोख केली.

नाशिकसारख्या वाढत्या शहरात आज याच चार गोष्टी थोड्या निराळ्या रूपाने लागतात. वकिलाच्या बाबतीत फार लिहिण्याचे कारण नाही: 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. शिक्षण अर्धवट टाकून बोहल्यावर चढलेल्या बाईला तिशी-चाळिशीत पदवी पुरी करावयाची असेल, तर 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे. घटस्फोट झाला आणि पोटगीही हाती येत नाही अशा निराधार स्त्रीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तहसील कचेरीत अर्ज करता येतो. मात्र दाखले गोळा करण्याची यातायात एकटीने करणे कठीण, आणि रजा टाकून तिच्याबरोबर कचेरीत बसणारा दीर किंवा मावसभाऊ मला शंभर उपदेशकांहून मोलाचा वाटतो. (दीर म्हटले ते जाणूनबुजून, सासरची काही माणसे लग्न मोडल्यावरही नाते मोडत नाहीत.)

सगळ्यांत बिकट प्रश्न छपराचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पगार मिळवणाऱ्या बाईलाही खोली पाहावयास गेली की ‘मालक कुठे असतात?’ हा सवाल ऐकावा लागतो. पुरुषाला खोली मिळते. पण ज्याने आयुष्यात चहाही केला नाही आणि ज्याला मुले पंधरवड्यातून काही तासच भेटतात, असा गृहस्थही कोणीतरी जेवावयास बोलावील याची वाट पाहत असतो, आणि आपला समाज त्याची विचारपूस सहसा करीत नाही.

छपराचा प्रश्न माहेरापाशी येऊन थांबतो. नाशिकहून पुण्याच्या रस्त्यावरील संगमनेरात 1988 साली परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून ज्या निशा शिवूरकर अशा स्त्रियांसाठी काम करीत आल्या, त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ असे आहे. माहेरच्या छपरावर कायद्याने मुलीचाही हक्क आहे: वडिलार्जित मिळकतीत तिला वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली केली. तरीही निफाडच्या द्राक्षबागाईतदारापासून देवळाली कॅम्पच्या दुकानदारापर्यंत कित्येक घरांत लग्नानंतर मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा परिपाठ सुरूच आहे. अशी सही दिलेली बहीण संसार मोडून परतली, की पहिला महिना भावजय प्रेमाने करते, दुसऱ्या महिन्यात किराण्याचा हिशेब निघतो, आणि तिसऱ्यात ‘पुढे काय ठरवलंस?’ असे विचारले जाते. भावजयीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तीही परक्याच घरात नांदत असते. विचारावयाचे ते बापाला, आणि तेही मुलगी हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी.