सत्यानुरक्षण : श्रद्धेची मर्यादा आणि मतभेदाचा आदर

बौद्ध धम्म हा बुद्धिप्रामाण्य मानणारा धम्म आहे, असे आपण व्याख्यानांतून व लेखांतून नेहमी सांगतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ कालामसुत्ताचा दाखला देतो. हा दाखला योग्यच आहे. मात्र बहुधा तो इतरांच्या समजुती खोडून काढण्यासाठी दिला जातो. स्वतःच्या समजुती तपासण्यासाठी क्वचितच. वास्तविक या सुत्ताचा रोख प्रथम ऐकणाऱ्याकडे आहे. आपण जे मानतो ते कोणत्या आधारावर मानतो, आणि त्या आधाराच्या बळावर किती ठामपणे बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचा पहिला भाग कालामसुत्तात, तर दुसरा भाग मज्झिम निकायातील चंकीसुत्तात उलगडलेला आहे. ही दोन सुत्ते एकत्र वाचल्यास मतभेदांकडे पाहण्याची बौद्ध दृष्टी स्पष्ट होते.

कालामांचा प्रश्न

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात हे सुत्त आले आहे. कोसल देशातील केसपुत्त या निगमात कालाम लोक राहत असत. त्यांची अडचण अशी होती की, गावात येणारा प्रत्येक श्रमण वा ब्राह्मण आपलाच वाद उजळून दाखवी आणि दुसऱ्याच्या वादाची निंदा करी. यांपैकी खरे कोण बोलतो आणि खोटे कोण, असा संशय त्यांना पडला. तथागतांनी या संशयाबद्दल त्यांना दोष दिला नाही. संशय घेण्याजोग्या ठिकाणीच तुम्हाला संशय आला आहे, असे सांगून त्यांनी पुढील विवेचन केले.

केवळ ज्यांच्यावर विसंबून कोणतेही मत स्वीकारू नये, असे दहा आधार त्यांनी सांगितले. त्यांचे तीन गट पडतात. अनुस्सव म्हणजे ऐकीव माहिती, परंपरा, इतिकिर म्हणजे ‘असे म्हणतात’ या स्वरूपाची वदंता, आणि पिटकसंपदा म्हणजे ग्रंथाचा आधार, हे चार बाहेरून येणारे आहेत. तक्कहेतु, नयहेतु, आकारपरिवितक्क आणि दिट्ठिनिज्झानक्खंति हे चार मात्र आपल्या स्वतःच्या बुद्धीतून निघणारे आहेत: तर्क, अनुमान, बाह्य लक्षणांवरून केलेला विचार, आणि एखादे मत मनात घोळवता घोळवता आपल्याला रुचणे. उरलेले दोन सांगणाऱ्या व्यक्तीशी संबंधित आहेत. भब्बरूपता म्हणजे बोलणाऱ्याची दिसून येणारी योग्यता, आणि ‘समणो नो गरु’ म्हणजे हा श्रमण आमचा गुरू आहे, ही भावना.

या यादीतील दुसऱ्या गटाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. परंपरा आणि ग्रंथप्रामाण्य नाकारले म्हणजे आपण बुद्धिवादी झालो, अशी समजूत असते. तथागतांनी मात्र स्वतःच्या तर्कालाही त्याच रांगेत उभे केले आहे. तर्क चुकीच्या गृहीतकावर उभा असू शकतो. रुचलेले मत केवळ सवयीने रुचलेले असू शकते. तसेच हे दहाही आधार असत्यच असतात, असे सुत्तात म्हटलेले नाही. ते एकटे पुरेसे नाहीत, एवढेच सांगितले आहे.

मग कसोटी कोणती? एखादी गोष्ट कुशल की अकुशल, सदोष की निर्दोष, सुज्ञांनी निंदिलेली की प्रशंसिलेली, आणि आचरणात आणल्यास अहिताला कारण होते की हिताला, हे स्वतः जाणून घेणे ही ती कसोटी. तिच्यात स्वतःच्या अनुभवाबरोबर सुज्ञांच्या मतालाही स्थान आहे. त्यामुळे ‘मला पटते तेच खरे’ असा या सुत्ताचा अर्थ लावता येत नाही.

सुत्ताच्या शेवटी चार आश्वासने आली आहेत. निर्वैर व निर्मळ चित्ताचा मनुष्य विचार करतो की, परलोक व कर्मफल असेल तर माझी गती चांगली होईल; नसेल तरी याच जीवनात मी वैररहित व सुखी राहीन. पाप करणाऱ्याला पाप भोवत असेल, तर मी पाप केलेले नाही. भोवत नसेल, तर दोन्ही बाजूंनी मी शुद्धच आहे. परलोकाचा निर्णय झाल्याखेरीज सदाचार सुरू होत नाही, असे येथे मानलेले नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

सत्याचे रक्षण

चंकीसुत्ताचा प्रसंग कोसलातील ओपासाद या ब्राह्मणग्रामातील आहे. तीन वेदांत पारंगत असा सोळा वर्षांचा कापठिक नावाचा तरुण ज्येष्ठांच्या संभाषणात मध्येच बोलत होता. तथागतांनी त्याला थांबवले. तेव्हा चंकी ब्राह्मणाने त्याच्या विद्वत्तेची ग्वाही दिली. पुढे कापठिकाने विचारले की, प्राचीन मंत्रांच्या आधारे ब्राह्मण ‘हेच सत्य’ असा निष्कर्ष काढतात, त्याबद्दल आपले म्हणणे काय? तथागतांनी प्रतिप्रश्न केला: हे मी स्वतः जाणतो, स्वतः पाहतो, असे म्हणणारा एक तरी ब्राह्मण आहे काय? त्यांच्या आचार्यांत, सात पिढ्यांपर्यंतच्या आचार्यपरंपरेत, किंवा मंत्र रचणाऱ्या ऋषींत तरी कोणी होता काय? तसा कोणी नाही, हे कापठिकाला मान्य करावे लागले. मग तथागतांनी एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा दिली.

एवढ्यावर प्रतिपक्षाचे खंडन पूर्ण झाले असते. पण सुत्त येथे थांबत नाही. सद्धा, रुचि, अनुस्सव, आकारपरिवितक्क आणि दिट्ठिनिज्झानक्खंति या पाच गोष्टींचा विपाक दोन प्रकारचा असतो, असे तथागत सांगतात. अत्यंत श्रद्धेने मानलेली गोष्ट पोकळ ठरू शकते आणि जिच्यावर मुळीच श्रद्धा नाही ती खरी निघू शकते. हा नियम कोणा एका पंथापुरता सांगितलेला नाही. त्यात आपणही येतो.

यावर उपाय म्हणून सच्चानुरक्खणा, म्हणजे सत्यानुरक्षण, ही कल्पना येते. ज्याची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा आहे त्याने ‘माझी अशी श्रद्धा आहे’ असे म्हणावे. ज्याने ती ऐकली आहे त्याने ‘मी असे ऐकले आहे’ असे म्हणावे. ज्याने ती तर्काने काढली आहे त्याने ‘माझा असा विचार आहे’ असे म्हणावे. एवढे म्हटल्याने सत्याचे रक्षण होते. परंतु तेवढ्यावरून ‘हेच खरे, बाकी सारे व्यर्थ’ असा निष्कर्ष काढू नये. सत्याचा बोध आणि सत्याची प्राप्ती या पुढच्या पायऱ्या आहेत. त्यांसाठी गुरूचे लोभ-द्वेष-मोहाच्या बाबतीत परीक्षण करावे लागते, धम्म ऐकून त्याचा अर्थ तपासावा लागतो, आणि दीर्घकाळ अभ्यास करावा लागतो.

सत्यानुरक्षण म्हणजे आपल्या विधानाला त्याच्या आधाराइतकेच वजन देणे. यात श्रद्धेचा त्याग अपेक्षित नाही. श्रद्धेने श्रद्धा म्हणूनच बोलावे, ज्ञानाची वस्त्रे पांघरू नयेत, एवढेच अपेक्षित आहे.

आदर म्हणजे काय

ज्याला आपल्या आधाराची मर्यादा कळली, त्याला दुसऱ्याचे ऐकणे जड जात नाही. मज्झिम निकायातील उपालिसुत्त याचे उत्तम उदाहरण होय. निगंठ नातपुत्तांचा श्रावक असलेला उपालि गृहपती नालंदा येथे वाद करण्यासाठी आला आणि तथागतांचे म्हणणे पटून उपासक होण्यास सिद्ध झाला. तेव्हा तथागतांनी त्याला नीट विचार करून निर्णय घेण्यास सांगितले. तुझ्यासारख्या प्रसिद्ध मनुष्याने तर असा विचार करावाच, असेही म्हटले. शिवाय तुझे घर दीर्घकाळ निगंठांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, तेव्हा त्यांना भिक्षा देणे थांबवू नकोस, असा उपदेश केला. मत बदलले तरी माणसे तोडू नयेत, हा त्याचा अर्थ.

दीघ निकायातील ब्रह्मजालसुत्तात याची दुसरी बाजू दिसते. कोणी बुद्ध, धम्म वा संघाची निंदा केली तर भिक्खूंनी रागावू नये. कारण रागावलेल्याला समोरचा बरोबर बोलला की चूक, हेच कळत नाही. चूक असेल तेथे ती चूक म्हणून शांतपणे दाखवावी, असे तथागत सांगतात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात हाच विचार राज्यधर्म म्हणून कोरविला. आपल्या पंथाच्या भक्तीपोटी जो दुसऱ्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची अधिक हानी करतो, असा त्याचा आशय आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आदर म्हणजे सर्व मते सारखीच खरी मानणे नव्हे. जन्माने कोणी श्रेष्ठ असतो, हे मत तथागतांनी अस्सलायनसुत्तात प्रश्नांमागून प्रश्न विचारून निरुत्तर केले आहे. जे मत माणसाला हीन ठरवते ते कालामसुत्ताच्या कसोटीवरच अकुशल ठरते. त्या मताला आदराचे देणे लागत नाही. ते मानणाऱ्या माणसाशी मात्र तथागत संवाद करीत होते, आणि म्हणूनच सोळा वर्षांचा अस्सलायन अखेरीस उपासक झाला.

आपल्यापुढील प्रश्न

आता हीच कसोटी आपल्याकडे वळवू. पुनर्जन्माचा अर्थ, ध्यानसाधनेचे स्थान, पालि परंपरेतील कथांचे प्रामाण्य यांविषयी आपल्यात मतभेद आहेत. एकाने अट्ठकथांचा आधार घेतला की दुसरा त्याला अंधश्रद्ध ठरवतो. एकाने बाबासाहेबांचा अन्वयार्थ मांडला की दुसरा त्याला धम्माचे अज्ञान आहे असे म्हणतो. कधी कधी दोघेही ‘समणो नो गरु’ याच एका आधारावर उभे असतात. गुरू तेवढे वेगळे.

बाबासाहेबांची स्वतःची पद्धत येथे मार्गदर्शक ठरावी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेईपर्यंत त्यांनी एकवीस वर्षे जाऊ दिली. त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी सिद्धार्थांची प्रव्रज्या, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म, आणि भिक्खूंचे प्रयोजन यांविषयी प्रश्न उपस्थित केले. ते सोडविण्यास वाचकांनीही हातभार लावावा, अशी अपेक्षा त्यांनी तेथेच व्यक्त केली. त्याच ग्रंथात ते असेही दाखवतात की, ज्या बाबतींत बुद्धांना निश्चिती होती तेथे त्यांनी निश्चित मत दिले, आणि जेथे ती नव्हती तेथे दिलेले मत तात्पुरते होते. सत्यानुरक्षणाची वृत्ती ती हीच.

म्हणून बाबासाहेबांवरील आपली निष्ठा त्यांचे प्रश्न पुढे नेण्यात दिसली पाहिजे. पुनर्जन्म मानणाऱ्याने ‘परंपरेच्या आधारे मी असे मानतो’ असे म्हणावे. न मानणाऱ्याने ‘माझ्या विचाराला ते पटत नाही’ असे म्हणावे. चार आश्वासनांच्या दृष्टीने पाहता, दोघांनाही पंचशीलाचे पालन आणि मैत्रीची भावना सारखीच आवश्यक आहे. विहारातील चर्चेत विधान करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे: हे मी ऐकले आहे, वाचले आहे, तर्काने काढले आहे, की प्रत्यक्ष जाणले आहे? उत्तर प्रामाणिक असेल तर आवाज आपोआप खाली येतो, आणि समोरच्या उपासकाचे म्हणणे ऐकू येऊ लागते.