जुन्या गाडीला जुना दरवाजा

आमची मारुती ओम्नी जुनी आहे. आम्ही तिच्यातून भाजी नेतो. बाजाराच्या दिवशी घरची पोरेही बसतात. तिचा डावा सरकता दरवाजा खालून गंजला.

ही गाडी १९८४ साली निघाली आणि २०१९ साली बंद झाली. तिचे जुने भाग मुंबईत कुर्ल्याला मिळतात. पण दिसायला सारखा भाग बसेलच असे नाही. १९९८ साली गाडीचा तोंडवळा बदलला. म्हणून पुढचा पत्रा घेताना साल जरूर पाहावे.

आम्ही पहिल्यांदा फसलो. रंग पाहून दरवाजा उचलला. घरी येऊन बघतो तो काय, खालची सगळी कड पुट्टीने भरलेली!

दुसऱ्या खेपेला खिशात लोहचुंबक नेले. ते फडक्यात गुंडाळावे, म्हणजे रंगाला ओरखडा येत नाही. पत्र्याला ते घट्ट धरते. जाड पुट्टीवर धरत नाही. रबराखाली पाणी साचते, तिथे मुद्दाम बघावे. मग रोलर बघावेत. दरवाजा त्यांच्यावरच सरकतो. ते झिजले तर दरवाजा नीट लागत नाही. चालत्या गाडीत तो उघडला तर पोर बाहेर पडायचे! जमल्यास आपला जुना दरवाजाच बरोबर न्यावा. शेजारी ठेवून कडी, रोलर, भोके जुळवावीत.

आणि पावती घ्यावी. माल चोरीचा निघाला तर पावती दाखवता येते. ‘बसला नाही तर परत घेऊ’ असे दुकानदार तोंडी म्हणतो. तेही पावतीवर लिहून घ्यावे, आणि तिथेच वाचून पाहावे.

आमचा दरवाजा आता बसला. गाडी पांढरी, दरवाजा निळा! पोरे हसतात. रंगाचे दिवाळीला बघू.