खिशातून आलेला पाहुणा

दारी आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच उभे करून त्याची झडती घेणे आपल्या रीतीत बसत नाही. ‘या, बसा’ म्हणावे, पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि मग कामाचे विचारावे, असे आपले वळण. घरात ते शोभते. कचेरीतल्या संगणकाला मात्र हेच वळण लावले तर केवढा अनर्थ ओढवतो, ते गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगाने पुरते अनुभवले आहे. या पाहुण्याचे नाव पेनड्राइव्ह. वस्तू बोटाएवढी, पण तिच्या पोटात बसून एखादा घातकी प्रोग्राम, ज्याला आपण सरसकट ‘व्हायरस’ म्हणतो, भल्याभल्या कचेऱ्यांत बिनबोभाट शिरला आहे.

कुणी म्हणेल, इंटरनेट घरोघरी असताना आता पेनड्राइव्ह वापरतो कोण? वाचकहो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहून पाहा. कुणाला अर्ज छापायचा असतो, कुणाला लग्नाची पत्रिका. त्या एकाच संगणकाला दिवसभर किती अनोळखी पेनड्राइव्ह लागतात, याची मोजदाद नाही. आणि त्यांतलाच एखादा दुसऱ्या दिवशी शाळेच्या, पतपेढीच्या किंवा दवाखान्याच्या संगणकात जाऊन बसतो.

महत्त्वाच्या ठिकाणी तर यंत्रे मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवलेली असतात. पण तारच नाही म्हटल्यावर माहिती न्यायची ती हातानेच! इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रात हेच घडले. युरेनियम शुद्ध करणारी, भन्नाट वेगाने फिरणारी हजारो यंत्रे तिथे होती. ‘स्टक्सनेट’ नावाच्या प्रोग्रामने त्यांच्या फिरण्याचा वेग गुपचूप कमीजास्त केला आणि देखरेख करणाऱ्यांच्या पडद्यावर मात्र सारे आलबेल असल्याचे आकडे दाखवले. सुमारे एक हजार यंत्रे निकामी झाली असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. हा प्रोग्राम उघडकीला आला तो २०१० च्या जूनमध्ये, बेलारूसमधल्या एका लहानशा कंपनीच्या तपासात. पेनड्राइव्ह लावून त्यातली फाइलींची यादी नुसती डोळ्यांखालून घातली, तरी त्याचे काम होत असे! सिमँटेकच्या अभ्यासकांनी पुढे माग काढला, तेव्हा दिसले की पहिली लागण इराणमधल्या पाच बाहेरच्या संस्थांत झाली होती. म्हणजे शत्रूने तट फोडला नाही. नेहमी ये-जा करणाऱ्यांच्या ओळखीचा त्याने फायदा घेतला.

हे झाले राजकारण. पण साध्या कचेरीचेही काही कमी हाल होत नाहीत. २००९ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या नगरपालिकेत ‘कॉन्फिकर’ नावाचा प्रोग्राम शिरला. तो जाळ्यातून पसरे तसाच पेनड्राइव्हमधूनही. नगरपालिकेला सुमारे १५ लाख पौंडांचा फटका बसला. वाहतुकीच्या दंडाच्या दीड हजारांहून अधिक नोटिसा मुदतीत निघू शकल्या नाहीत आणि तो दंड बुडाला. मौजेची म्हणा की खेदाची, गोष्ट अशी की ज्या भोकातून कॉन्फिकर शिरे, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २००८ च्या ऑक्टोबरमध्येच देऊन ठेवली होती.

मग दोष कुणाचा? आपण चटकन म्हणतो, ‘माणसे बेफिकीर.’ मला ते पटत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले. २०१६ साली त्याचा अहवाल आला. जवळजवळ सगळे उचलले गेले आणि शंभरातल्या पंचेचाळिसांतल्या फाइली कुणी ना कुणी उघडल्या. पहिला तर सहा मिनिटांच्या आत! का उघडलेत, असे विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा ६८ जण म्हणाले, ‘ज्याचा आहे त्याला परत द्यावा म्हणून.’ आणि ज्यांवर मालकाचा पत्ता होता, ते कमी उघडले गेले. म्हणजे दार उघडते ते बहुतेक वेळा चांगुलपणाने. चांगुलपणाला दरडावून तो सुधारत नाही. त्याला सुरक्षित वाट काढून द्यावी लागते.

माझ्या पाहण्यातल्या एका कचेरीत एका कारकुनाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. साहेबांनी त्याला चारचौघांत फैलावर घेतले. परिणाम एवढाच झाला की पुढच्या वेळी संगणक विचित्र वागू लागला, तेव्हा दोन दिवस कुणी तोंड उघडले नाही आणि लागण एका टेबलावरून साऱ्या कचेरीत गेली. त्या रागाची किंमत पेनड्राइव्हपेक्षा फार जास्त पडली.

म्हणून माझे सांगणे असे. कचेरीने आपले स्वतःचे, क्रमांक घातलेले पेनड्राइव्ह ठेवावेत, वहीत त्यांची नोंद असावी आणि एवढेच काय ते संगणकांनी स्वीकारावेत, अशी व्यवस्था करावी. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅक संस्थेने ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाचे साधन याचसाठी तयार केले; २०१७ साली केंद्र सरकारने ते लोकांसाठी खुले केले. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह, मग तो दुरुस्तीला आलेल्या माणसाचा का असेना, आधी जाळ्यापासून तोडलेल्या एका निराळ्या संगणकावर तपासावा. दुरुस्त्या आल्या की लगेच बसवाव्यात. रोजच्या कामाला सर्वाधिकाराचे खाते वापरू नये. सापडलेला पेनड्राइव्ह कुणाकडे द्यायचा, ते प्रत्येकाला ठाऊक असावे, आणि देणाऱ्याला ‘कुठे मिळाला’ यापलीकडे प्रश्न नसावा. नुसती बंदी घालून भागत नाही. फाइल पाठवण्याचा दुसरा सोपा मार्ग दिला नाही, तर लोक चोरवाट काढतातच. आणि शंका आलीच, तर संगणक जाळ्यातून तोडून ताबडतोब सांगावे. सांगणाऱ्याला शाबासकी द्यावी.

तपासणीवरही आंधळा विश्वास नको. २०१४ साली कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या दोघा जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की पेनड्राइव्हच्या आतल्या चिपमधला मूळ प्रोग्रामच बदलता येतो. मग तो संगणकाला सांगतो, ‘मी कीबोर्ड आहे’, आणि स्वतःच भराभर आज्ञा टाइप करू लागतो. नेहमीच्या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामला चिपच्या आतले हे काही दिसत नाही. अशा सोंगाड्यावर एकच उपाय: ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही, तो लावायचाच नाही.

हे सारे दिवाळी अंकात कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल, तर त्याचेही उत्तर देतो. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफबीआयने कंपन्यांना एक इशारा दिला. चोरांची टोळी टपालाने सुबक भेटपेट्या पाठवीत होती. आत आभाराचे पत्र, खोटे गिफ्ट कार्ड आणि असाच एक कीबोर्डाचे सोंग घेणारा पेनड्राइव्ह! आपल्याकडेही या दिवसांत कचेऱ्यांत भेटींचे खोके येतात. सुकामेवा खुशाल वाटून खा. डायरी, पेन, कॅलेंडर घरी न्या. पण खोक्यात बोटाएवढी ती वस्तू निघाली, तर तिची पाठवणी आधी तपासणीच्या टेबलाकडे करा. पाहुणचारात काही उणे पडणार नाही.