पासवर्ड बदलला, पण टपाल बाहेर जातंच आहे

मेलखात्यात कुणी शिरल्याचा संशय आला की पासवर्ड बदलायचा, झालं काम. कार्यालयांतून ही समजूत इतकी पक्की बसली आहे की तिच्यावर शंका घेणाराच वेडा ठरतो. पण शिरलेल्या माणसाने जाता जाता ऑटो-फॉरवर्डचा नियम लावून ठेवला असेल, तर नव्या पासवर्डने त्याचं काहीच बिघडत नाही. 'येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत अमुक पत्त्यावर पाठव' हा हुकूम सर्व्हरवर नोंदलेला असतो आणि तो पाळायला सर्व्हर पुन्हा पासवर्ड विचारत नाही. घराचं कुलूप बदललं म्हणून पोस्टात दिलेला पत्ताबदलाचा अर्ज रद्द होतो का? इथेही तसंच आहे. चोराला परत आत यायची गरजच उरत नाही, टपाल त्याच्या घरी पोचतं.

हे कल्पनेतलं भय नाही. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर 2020 मध्ये कंपन्यांना नेमका हाच इशारा दिला होता. त्या इशाऱ्यात सांगितलेल्या एका उत्पादक कंपनीच्या खात्यात चोरांनी तीन नियम लावले होते. पहिला नियम असा, की मेलमध्ये 'बँक', 'पेमेंट', 'इन्व्हॉइस', 'वायर' किंवा 'चेक' यांपैकी एखादा इंग्रजी शब्द दिसला की तो मेल बाहेर पाठवायचा.  दुसऱ्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत ब्राउझरमधल्या मेलवर लावलेला नियम संगणकावरच्या मेल-प्रोग्रॅममध्ये उमटलाच नाही. कंपनी तो प्रोग्रॅम तपासून निर्धास्त राहिली आणि ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाखाली चोरांनी 1,75,000 डॉलर उचलले. म्हणून तपासायचं ते सर्व्हरवर, आणि एकाच जागी नव्हे. जीमेलमध्ये फॉरवर्डिंगचा पत्ता एका पानावर असतो, तर निवडक मेल बाहेर धाडणारे फिल्टर दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर फॉरवर्डिंग बंद दिसलं म्हणून हुश्श करणारे दुसरं उघडतच नाहीत.

यावर तांत्रिक माणसांचा एक आक्षेप हमखास येतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या वीजकेंद्रात 210 मेगावॉटचे संच चालवणारी यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी ठेवायची असते, मग कार्यालयातल्या मेलमधून असं काय जाणार? टर्बाइन मेलवरून फिरत नाही, हे कबूल. पण देखभालीचं वेळापत्रक, नकाशे, निविदा, सुट्या भागांची बिलं असल्या गोष्टी कुठल्याही कारखान्यात मेलनेच फिरतात. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनमध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. त्या हल्ल्याची सुरुवात कार्यालयात आलेल्या मेलमधल्या बाधित फाइलींपासून झाली होती, आणि त्यानंतर हल्लेखोर कित्येक महिने आत बसून माहिती गोळा करत होते. तो ऑटो-फॉरवर्डचा प्रकार नव्हता, पण 'मेल म्हणजे नुसता कागदी कारभार' हा युक्तिवाद त्याने कायमचा मोडीत काढला. शिवाय अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमधल्या छोट्या पुरवठादाराकडे टर्बाइन नसतेच. त्याच्याकडे असतं बिल, आणि 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असं सांगणारा खोटा मेल नेमका त्या बिलाच्या तारखेलाच येतो.

किरकोळ समजुतीही आहेत. संगणक बंद केला की फॉरवर्ड थांबतं: नाही, सर्व्हर चालूच असतो. मूळ मेल आपल्याकडे राहतोच: प्रत पाठवून मूळ पुसायची सोयही जीमेलच्या फॉरवर्डिंगच्याच पानावर असते. पाठवणाऱ्याला कळतं: बहुतेक वेळा त्याला पत्ताही लागत नाही. फॉरवर्ड केलेला मेल पोचतोच: पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची खातरजमा फसल्यामुळे असे मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात, म्हणजे सोय म्हणूनही हा प्रकार लंगडाच.

राहिली सोयीची बाजू, आणि ती खोटी नाही. पाळीवरच्या अभियंत्याला रात्री फोनवर मेल दिसायला हवा, रजेवरच्या माणसाचं काम दुसऱ्याला बघावं लागतं. पण त्यासाठी खासगी जीमेल कशाला? दुहेरी पडताळणी लावलेलं कंपनीचं मेल-ॲप, विभागाची सामायिक पेटी किंवा सहकाऱ्याला दिलेला प्रतिनिधी-प्रवेश यांत टपाल घरातच राहतं, आणि माणूस नोकरी सोडून गेला की एका बटणात दार बंद होतं. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये बाहेरचं ऑटो-फॉरवर्ड आता मुळातच बंद असतं, ते चालू करायला प्रशासकाला मुद्दाम परवानगी द्यावी लागते. एखाद्या सल्लागारासाठी ती द्यावीच लागली, तर तेवढ्याच खात्याला, लेखी आणि शेवटची तारीख घालून द्यावी. चालू असलेल्या नियमांची यादी मात्र महिन्याला एकदा सर्व्हरवरून काढलीच पाहिजे. कारण भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या नोंदी (लॉग) 180 दिवस जपणं बंधनकारक आहे. बरीच कार्यालयं त्या तेवढेच दिवस जपतात. आठ महिन्यांपूर्वी लावलेला नियम कुणी लावला, हे सांगणारी नोंद तोवर पुसली गेलेली असते. नियम चालूच असतो.