सहरीची गोळी, इफ्तारची गोळी

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये अब्बांनी घरात कुणालाही न सांगता सकाळची गोळी बंद केली. "रोजात पाण्याचा घोट चालत नाही, गोळी कशी गिळायची? महिनाभराचा तर प्रश्न आहे," हा त्यांचा हिशेब. अकराव्या रोजाला तरावीहची नमाज आटोपून परतताना दूधबाजारात छातीवर हात ठेवून ते एका दुकानाच्या पायरीवर बसले. वेळेत दवाखाना गाठला म्हणून निभावले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "चाचा, आधी एकदा येऊन गेला असतात तर गोळीची वेळ मीच बदलून दिली असती."

बंद केलेली गोळी होती मेटोप्रोलॉल, हृदयाची गती आवरणारी. ती एकदम थांबवली की हृदय उलट वेगाने धावू लागते आणि ज्यांच्या हृदयाच्या धमन्या अरुंद आहेत त्यांना झटका येऊ शकतो. स्टेंट बसवलेल्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चुकवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याची भीती.

खरे तर नाशिकमध्ये या दिवसांतला रोजा साधारण तेरा तासांचा. रात्रीचे अकरा तास औषधासाठी मोकळेच असतात. अ‍ॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी शरीरात दिवसभराहून अधिक टिकते. ती सकाळऐवजी इफ्तारनंतर घेता येते. दोन वेळची औषधे सहरी आणि इफ्तारला बसतात. तीन वेळची असतील तर त्याऐवजी दीर्घकाळ चालणारी गोळी मिळते का, ते डॉक्टर पाहतात. लघवी वाढवणारी गोळी मात्र सहरीला घेतली की दुपारपर्यंत घसा कोरडा आणि डोळ्यांपुढे अंधारी. तिची वेळ आणि मात्रा आपल्या मनाने ठरवू नये.

जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटबद्दल मला दरवर्षी विचारतात. 1997 मध्ये जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने निर्णय दिला, की छातीतल्या कळेसाठी अशी गोळी ठेवली आणि विरघळलेले गिळले नाही, तर रोजा तुटत नाही. आपल्याकडे काही उलेमांचे मत वेगळे आहे. पण छातीत कळ आल्यावर मतभेद सोडवत बसायचे नसते. गोळी ठेवावी, दवाखाना गाठावा. रोजा तुटलाच तर नंतर एक ठेवता येतो. त्याला कजा म्हणतात.

कुरआनच्या सूरह बकरामध्ये, जिथे रोजाचा हुकूम आहे तिथेच, आजारी माणसाला इतर दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत आहे. ज्याला बरे होण्याची आशाच नाही त्याने फिदया द्यावा, म्हणजे दर रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. नुकताच झटका येऊन गेलेल्यांनी, चालताना धाप लागणाऱ्यांनी ही सवलत घ्यावी. आमच्या बुजुर्गांना ती घेताना संकोच वाटतो. शेजारचे काकाही एकादशीला "उपास आहे" म्हणून गोळी टाळतात, तेव्हा हा हट्ट काही एकट्या आमच्या मोहल्ल्याचा नाही!

इफ्तारचा खारटपणा हा आणखी एक घोळ. समोसे, भजी, वर मसाला भुरभुरलेली फळे. दिवसभर सांभाळलेला रक्तदाब अर्ध्या तासात वर.

आता शाबान महिना लागला, की अब्बा स्वतःच डॉक्टरांकडून कागद लिहून आणतात. तो स्वयंपाकघरात सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलेला असतो. मगरिबची अजान होते, खजूर, पाणी, नमाज, जेवण आणि मग अम्मीची हाक येते, "डबा कुठे ठेवलात?"