तिकिटांवरचे 'कालेवाला'

माझ्या तिकिटांच्या वहीत फिनलंडच्या पानावर १९३५ सालची तीन तिकिटे आहेत. त्यांवर राजा नाही की सेनापती नाही. एका काव्याला शंभर वर्षे झाली म्हणून ती काढलेली!

ते काव्य म्हणजे 'कालेवाला'. एलियास ल्योनरोट हा पेशाने डॉक्टर. करेलियाच्या खेड्यापाड्यांतून हिंडून त्याने गायकांच्या तोंडची गाणी उतरवून घेतली, एका सूत्रात ओवली, आणि सांधे जुळावेत म्हणून कोठे कोठे पदरच्या ओळीही घातल्या. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेखाली २८ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आहे. फिनलंडमध्ये तो दिवस आजही 'कालेवाला दिन' म्हणून पाळतात. १८४९ च्या आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी झाल्या. त्या काळी देशावर रशियाच्या झारचा अंमल, तर कचेरीची आणि विद्वानांची भाषा स्वीडिश. फिनिश ही कुणब्यांची बोली! तिच्या पोटी महाकाव्य निघावे, याचे अप्रूप आपल्याला सहज उमगावे.

सव्वा मार्कच्या तिकिटावर गाणारे शाहीर आहेत. दोन मार्कचे तिकीट काळे. त्यावर गरुडाचे रूप घेतलेली लौही 'सांपो' परत मिळविण्यासाठी झेपावते आहे. सांपो म्हणजे पीठ, मीठ आणि पैसा दळणारे जादूचे जाते. या झटापटीत ते फुटून समुद्रात पडते. अडीच मार्कच्या निळ्या तिकिटावर दुर्दैवी कुल्लेर्वो आहे. मला विचाराल तर शाहीरच सरस. बाकी दोघे त्यांच्याच गळ्यातून जन्मले.

तिकिटाचे या लोकांना एवढे महत्त्व का, याला इतिहास आहे. १८९१ पासून रशियन धाटणीची तिकिटे त्यांच्यावर लादली गेली. १९०० साली परदेशी टपालावर फिनिश तिकीट चालेनासे झाले, तेव्हा लोकांनी निषेधाची काळी 'शोकतिकिटे' छापून पाकिटांवर डकवली. सरकारने तीही बंद केली. १९१७ साली स्वातंत्र्य आले. पुढे तिकिटांवर देशाचे नाव 'सुओमी' आणि 'फिनलंड' असे फिनिश व स्वीडिश दोन्ही भाषांत छापले जाऊ लागले. मराठी-कानडी एकाच बांधणीत वाचणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.

१९८५ मध्ये दीडशे वर्षांनिमित्त पुन्हा तिकिटे निघाली. त्यांतल्या एकावर लारिन पारास्के आहे. या निरक्षर, गरीब बाईच्या तोंडून बत्तीस हजारांहून अधिक ओळी टिपल्या गेल्या. ती १९०४ साली वारली. हे तिकीट मात्र अजून माझ्या वहीत नाही. कोणाजवळ दोन असतील, तर एकाच्या बदल्यात हवे ते मागावे. फक्त शाहिरांचे तिकीट मागू नये!