दगडाखालचा उन्हाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावाचं नाव प्राणिशास्त्रात दोनदा नोंदलं गेलं आहे. १९६३ मध्ये ॲलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी इथल्या एका लहानशा पालीचं वर्णन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. आज ती हेमिडॅक्टिलस अल्बोफॅशिएटस या नावाने ओळखली जाते. पुढे चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, याच गावातून देवगांडुळाची, म्हणजे पाय नसलेल्या उभयचराची, एक जात विज्ञानाला नव्याने कळली. बी. आर. शेषाचार या देवगांडुळांच्या अभ्यासकाच्या स्मरणार्थ तिला गेजेनिओफिस शेषाचारी हे नाव मिळालं. डोळ्यांत भरावं असं या दोघांतही काही नाही. दोघंही दगड उचलल्याशिवाय दिसत नाहीत.

मे महिन्यात रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभं राहिलं तर इथे काही जगत असेल यावर विश्वास बसत नाही. लांबवर काळपट जांभा, करपलेलं गवत, कुठे तरी एखादं करवंदीचं जाळं. दुपारी कातळ अनवाणी पायाला सोसत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद 'पोटखराबा' म्हणून होते. पण सड्यावर काम करणाऱ्या संशोधकाला विचारा, तो आधी खाली बघायला सांगेल.

का, ते एका तुलनेतून कळेल. उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपास, उदाहरणार्थ स्वीडनमधल्या अबिस्कोच्या संशोधन केंद्रात, मैदानी कामाचा मोसम म्हणजे उन्हाळा. सूर्य मावळत नाही, बर्फ वितळतं आणि मोजक्या आठवड्यांत फुलं, डास, पक्षी, पिल्लं असा सगळा संसार उरकला जातो. सड्यावर अशी धांदल उडते ती पावसाळ्यात. उन्हाळा हा इथे तग धरण्याचा काळ, तिकडच्या हिवाळ्यासारखा. तिकडे लेमिंगसारखे छोटे उंदीरवर्गीय प्राणी हिवाळाभर बर्फाच्या थराखाली राहतात. वर हाडं गोठवणारी थंडी असली तरी त्या थराखालचं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. कोकणात हेच काम जांभ्याचा सुटा दगड करतो. दगड सावकाश तापतो, त्यामुळे दुपारचा भाजणारा उष्मा त्याच्या तळाशी उशिरा आणि बराच बोथट होऊन पोहोचतो. खालच्या फटीत थोडी ओलही टिकते. पातळ दगड मात्र आरपार तापतो. म्हणून कोणता दगड निवडायचा, हा तिथल्या प्राण्यांसाठी जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

दगड उलटण्याचीही रीत आहे. पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खालून जे निघेल ते आपल्या विरुद्ध दिशेला निघेल आणि मध्ये दगडाचा आडोसा राहील. पायात जाड बूट, हातात लोखंडी आकडी. कधी मुंग्यांचं वारूळ दिसतं, पांढरी अंडी तोंडात धरून त्यांची पळापळ सुरू होते. कधी विंचू निघतो, कधी कोळी. नशीब असेल तर ती डोर्ल्याची पाल: बोटाएवढी, तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, भिंतीवर न चढणारी, जमिनीवरच वावरणारी. क्षणभर ती थिजून राहते आणि गवताच्या बुडख्यात दिसेनाशी होते. नोंद झाली की दगड होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवायचा.

आणि कधी निघतं फुरसं. वीतभर-दीडवीत लांबी, डोक्यावर बाणासारखी खूण. डिवचलं की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करवतीसारखा आवाज करतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने साप मारणाऱ्यांना बक्षीस लावलं, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात सलग सहा वर्षं दरवर्षी सरासरी दोन लाखांहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. एवढं होऊनही फुरसं संपलं नाही. ते अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतं, आणि विंचू, गोम, पाली असं मिळेल ते खातं. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता सर्पविषावरचं प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठणं हाच उपाय.

विंचवाचं संशोधन तर कोकणाने जगाला दिलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडी-महाड भागात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण तपासले आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपली निरीक्षणं मांडली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या औषधाने अशा रुग्णांचे प्राण वाचतात हे त्यांनी दाखवून दिलं. अभ्यासक मात्र रात्री मुद्दाम विंचू शोधायला निघतात. हातात अतिनील किरणांची विजेरी असली की झालं. विंचवाच्या कवचातली द्रव्यं त्या किरणांत हिरवट-निळी चमकतात आणि दिवसा ओसाड वाटलेला कातळ किती भरलेला आहे ते कळतं.

सगळेच काही दगडाखाली दडत नाहीत. पीतमुखी टिटवी ऐन उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते. अंडी मातीच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत न दिसणारी. दुपारी ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. याच सुमारास किनाऱ्यावर हिवाळा काढलेला सोनेरी चिखल्या मात्र इथून निघून सायबेरियाच्या टुंड्रात घरटं करायला गेलेला असतो. एकाला उन्हाळा म्हणजे परतीची वाट, दुसरीला भर उन्हातली राखण.

जूनमध्ये पहिल्या सरी आल्या की जमिनीत कंद होऊन पडलेली कोकण दीपकाडी पांढऱ्या फुलांनी वर येते. बेडकं ओरडू लागतात. देवगांडूळ ओल्या मातीत हिंडू लागतं. या शेषाचारी देवगांडुळाविषयी २००८ मध्ये वरद गिरी, डेव्हिड गॉवर आणि सहकाऱ्यांनी एक थक्क करणारी गोष्ट सिद्ध केली: ते पिल्लांना जन्म देतं. आशियातल्या उभयचरांमध्ये असं करणारी ही पहिलीच ज्ञात जात होती.

मग सड्यावरच्या या जगाला धोका कुठे आहे? १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं आणि सड्यावर सुरुंग लावून, खड्डे पाडून, बाहेरची माती भरून आंबा-काजू लावण्याला जोर आला. चिरेखाणी आहेतच. सुटे दगड गोळा होऊन कुंपणाच्या गडग्यांत जातात. जितिन विजयन, रोहित नानिवडेकर, अपर्णा वाटवे, वरद गिरी आदी संशोधकांनी रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो दगड उलटून पाहिले, तेव्हा बागा झालेल्या भागात ती पट्टेवाली पाल कमी आढळली. पावसाळ्यातल्या बेडकांच्या अभ्यासात विविधता सर्वांत कमी निघाली ती भातखाचरांत, आणि बेडकांची संख्या सर्वांत कमी भरली ती बागांत. हापूस हा कोकणाचा पोटापाण्याचा आधार आहे, बागा नकोत असं कोणी म्हणत नाही. पण प्रत्येक सडा बागेसाठीच रिकामा पडलेला आहे, हे गृहीत मात्र चुकीचं आहे.

याच कातळावर आपल्या पूर्वजांनी हत्ती, गेंडा, पाकट मासा कोरून ठेवले. ती कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कोरलेल्या प्राण्यांची दखल जगाने घेतली, तर त्याच कातळावर आजही जगणाऱ्यांची दखल गावाने घ्यायला काय हरकत आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. सड्याकाठच्या गावांनी आपला सडा, त्यावरची पाल, टिटवी, दीपकाडी या नोंदवहीत आधी लिहून घ्यावी. जेसीबी लावायचा की नाही हा निर्णय त्यानंतर घ्यावा. आणि सड्यावर फिरायला गेलात, कुतूहलाने एखादा दगड उचललात, तर तो जिथला तिथे, जसाच्या तसा ठेवा.